शेजारी नगरपालिकांना खुले पत्र: आधी कराची वाटणी ठरवा, मग उद्योगाला बोलवा

प्रति,
हद्दीला हद्द लागून असलेल्या सर्व नगरपालिका व महानगरपालिकांचे महापौर, नगराध्यक्ष, नगरसेवक, आयुक्त आणि मुख्याधिकारी

सप्रेम नमस्कार.

शेजारच्या शहराबरोबर मिळून विकास करण्याचे ठराव आपल्या सभागृहांत अधूनमधून एकमताने मंजूर होतात. एकमत होते, कारण त्या ठरावांत कोणाच्या खिशाला हात लागत नाही. या पत्रातली माझी मागणी तेवढी सोपी नाही. उद्या आपल्या हद्दीत येणाऱ्या उद्योगांपासून जो वाढीव कर मिळेल, त्यातला ठरावीक हिस्सा शेजाऱ्यांबरोबर वाटून घेण्याचे आजच लेखी कबूल करा, आणि त्याच कागदावर शेजाऱ्याकडूनही तेच कबूल करून घ्या. संयुक्त समित्या, एकत्रित माहितीपत्रके, गुंतवणूकदारांच्या परिषदा हे सगळे त्यानंतर. आधी केले तर ते टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

सहकार्याचे घोडे प्रत्येक वेळी एकाच जागी पेंड खाते. कारखाना, गोदाम किंवा कार्यालयाची इमारत ज्या हद्दीत उभी राहते, तिचा मालमत्ता कर आणि तिचे परवाना शुल्क त्याच हद्दीतल्या तिजोरीत जाते. उद्योगाला लागणारी माणसे, पाणी, वीज, रस्ते मात्र हद्द बघून येत नाहीत. समजा, दोन शहरे एकमेकांना चिकटून आहेत. पहिल्या शहरात मोठा कारखाना आला. त्यातले निम्म्याहून अधिक कामगार दुसऱ्या शहरात राहतात, कारण घरे तिथे परवडतात. कर पहिल्याला मिळाला. कामगारांच्या मुलांसाठी शाळेच्या खोल्या वाढवणे, त्यांच्या वस्तीत पाण्याची टाकी बांधणे, सांडपाण्याची व्यवस्था, दवाखाना, सकाळ-संध्याकाळच्या बसगाड्या हा खर्च दुसऱ्यावर पडला. दुसऱ्या शहराच्या लेखापालाने हिशेब मांडला तर त्याला दिसते, की शेजारी जितका वाढेल तितके आपले अंदाजपत्रक तुटीत जाईल. अशा शहराचा नगराध्यक्ष संयुक्त बैठकीत कितीही गोड बोलला तरी घरी परतल्यावर त्याने काय करावे? तो तेच करतो जे त्याच्या जागी कोणीही करेल: आपल्या हद्दीतही एक भूखंडांची वसाहत आखतो, करात सूट जाहीर करतो, आणि शेजाऱ्याकडच्या कारखानदारालाच फोन लावतो.

यात त्याचा दोष मी मानत नाही. ज्या नियमांखाली तो काम करतो, ते नियमच त्याला तिकडे ढकलतात. म्हणून नियम बदलायला हवेत, आणि ते बदलणे आपल्या हातात पुष्कळ अंशी आहे.

ही ओढाओढ कुठवर जाते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे. हे महानगर दोन राज्यांत विभागलेले आहे. मिझुरी आणि कॅन्सस यांची सीमा काही भागात चक्क एका रस्त्याच्या मधून जाते. कित्येक वर्षे दोन्ही बाजू एकमेकांच्या कंपन्या करसवलती देऊन ओढत राहिल्या. कंपनी काही किलोमीटर सरकायची, तेच कर्मचारी त्याच घरांतून थोड्या वेगळ्या रस्त्याने कामावर जायचे, आणि नवी नोकरी एकही तयार न होता 'इतक्या नोकऱ्या आणल्या' अशी घोषणा व्हायची. हजारो नोकऱ्या अशा इकडून तिकडे गेल्या आणि कोट्यवधी डॉलरच्या महसुलावर पाणी सोडावे लागले. शेवटी २०११ मध्ये त्या भागातल्या उद्योजकांनीच दोन्ही राज्यपालांना पत्र लिहून हे थांबवा असे सांगितले. ज्यांना सवलती मिळत होत्या त्यांच्याच वर्गातून ही मागणी आली, हे लक्षात घ्या. तरी प्रत्यक्ष समझोता व्हायला २०१९ साल उजाडले. मिझुरीने कायदा केला, कॅन्ससच्या राज्यपालांनी आदेश काढला. राज्यांना जे इतके जड गेले ते नगरपालिकांना सोपे जाईल असे मी म्हणत नाही. पण राज्यांपेक्षा नगरपालिका लहान असतात, त्यांची तिजोरीही लहान असते, आणि अशी उधळपट्टी त्यांना कमी काळ परवडते.

पळवापळवी थांबवण्याची पहिली, सर्वांत स्वस्त पायरी अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहराने दाखवली. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळून तिथली अर्थव्यवस्था बसली, तेव्हा आसपासच्या शहरांनी आणि परगण्यांनी एकत्र येऊन आर्थिक विकासाची सामाईक संस्था उभी केली आणि तिच्या सदस्यांसाठी आचारसंहिता ठरवली. बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराला आधी संपूर्ण प्रदेश दाखवायचा, आपले गाव नंतर. शेजाऱ्याच्या हद्दीतल्या कंपनीला आपण होऊन बोलवायचे नाही, आणि ती स्वतः चौकशीला आली तर शेजाऱ्याला कळवायचे. एवढे करायला ना निधी लागतो, ना नवा कायदा. हे आपण पुढच्या महिन्यात करू शकता.

मात्र आचारसंहिता ही चांगुलपणावर चालते, आणि निवडणुकीच्या वर्षात चांगुलपणावर ताण येतो. म्हणून मी पुन्हा कराच्या वाटणीकडे येते.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या प्रदेशात १९७१ मध्ये एक कायदा झाला. त्याची रचना प्रत्येक मुख्याधिकाऱ्याने आणि लेखापालाने एकदा तरी शांतपणे बसून समजून घ्यावी, इतकी ती विचारपूर्वक केलेली आहे. सात परगण्यांतल्या सगळ्या लहानमोठ्या शहरांत १९७१ साली जी व्यापारी आणि औद्योगिक मालमत्ता होती, तिला हात लावला नाही. ती ज्याची त्याची राहिली. त्यानंतर अशा मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिच्यातला ६० टक्के भाग त्या शहराकडेच राहतो आणि ४० टक्के भाग सामाईक कोठारात जातो. कोठारातून वाटप होते ते लोकसंख्येवर आणि शहराच्या ऐपतीवर. दरडोई मालमत्तेचे मूल्य प्रदेशाच्या सरासरीहून कमी असेल तर हिस्सा वाढतो, जास्त असेल तर घटतो. घरमालकांच्या घरांचा यात संबंध येत नाही, फक्त धंद्याच्या मालमत्तेचा येतो.

यातली खुबी कुठे आहे? कोणाकडूनही त्याच्याजवळ असलेले काढून घेतले नाही. जे अजून यायचे होते तेवढेच वाटायचे ठरले, आणि ते कोणाकडे येणार हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. स्वतःच्या वाट्याला काय येईल हे माहीत नसताना माणसे न्याय्य नियमाला लवकर तयार होतात. कारखाना एकदा एका बाजूला उभा राहिला की ज्याच्याकडे तो आहे त्याला वाटणी अन्याय वाटते आणि ज्याच्याकडे नाही त्याला तोच न्याय वाटतो. मग चर्चा पुढे सरकत नाही. म्हणूनच 'आजच' या शब्दावर माझा जोर आहे. प्रस्ताव टेबलावर येण्याआधीच वाटणी ठरायला हवी.

त्या कायद्यालाही विरोध झाला. एक उपनगर न्यायालयात गेले, अंमलबजावणी काही वर्षे रखडली, आणि १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आज अर्ध्या शतकानंतरही तो चालू आहे. देणारे आणि घेणारे कायमचे ठरलेले नाहीत, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मिनियापोलिस शहर काही काळ निव्वळ देणारे होते आणि काही काळ घेणारे. ब्लूमिंग्टन या उपनगरात १९९२ मध्ये मोठे व्यापारी संकुल उघडले आणि ते कोठारात भर घालणाऱ्या शहरांपैकी राहिले. ब्लूमिंग्टनची भरभराट थांबली नाही. ६० टक्के आपल्याकडे राहत असतील तर उद्योग आणण्याची उमेद मरत नाही, आणि ४० टक्के वाटले जात असतील तर शेजारी रस्ता अडवत नाही. टक्केवारी हीच असावी असा माझा हट्ट नाही. ३० असो, ५० असो. ती ठरलेली असावी आणि दोघांना सारखी असावी.

आपल्यापैकी काहींना या टप्प्यावर प्रश्न पडेल: आज आमची जी कमाई आहे ती उद्या बुडाली तर? या भीतीला फ्रान्सने फार नेटके उत्तर दिलेले आहे. त्या देशात सुमारे ३५ हजार नगरपालिका आणि ग्रामसंस्था आहेत, त्यातल्या बऱ्याच अगदी चिमुकल्या. त्यांना मोडून एकत्र करण्याचे प्रयत्न तिथे फारसे यशस्वी झाले नाहीत, कारण आपल्या गावाचे नाव आणि आपला महापौर लोकांना सोडवत नाही. मग त्यांनी दुसरी वाट धरली. १८९० च्या कायद्याने गावांना एकत्र येऊन विशिष्ट कामांसाठी संघ करण्याची मुभा दिली होती. पुढे शतकभरानंतर १९९९ च्या कायद्याने शहरसमूहांच्या 'समुदायां'ना बळ दिले आणि उद्योगांवरचा स्थानिक कर समुदायाच्या पातळीवर एकाच दराने लावायला सुरुवात केली. एकाच दराने लावल्यावर दराची स्पर्धाच संपली. आणि प्रत्येक नगरपालिकेला काय मिळाले? तिला त्या करातून आधी जेवढे उत्पन्न होते, त्यातून समुदायाकडे सोपवलेल्या कामांचा खर्च वजा करून उरलेली रक्कम तिला दरवर्षी भरपाई म्हणून मिळत राहते. वाढ मात्र सर्वांची. त्या वाढीतून सामाईक औद्योगिक वसाहती, वाहतूक, कचरा यांचा खर्च भागतो. तो जुना उद्योग-कर २०१० मध्ये रद्द होऊन त्या जागी दुसरे कर आले, तरी भरपाईची ही कल्पना तशीच चालू राहिली. आता तिथे जवळजवळ प्रत्येक नगरपालिका कुठल्या ना कुठल्या समुदायात आहे.

म्हणजे जुन्याची हमी आणि नव्याची वाटणी. मिनेसोटाने ४० टक्क्यांचा मार्ग घेतला, फ्रान्सने पूर्ण वाढीचा; दोन्हीकडे पायातली वीट एकच आहे.

आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही, पण ती मला विशेष जिव्हाळ्याची वाटते. प्रत्येक प्रदेशात काही जमीन मोकळीच राहायला हवी: पाणथळ जागा, नदीचे पूरक्षेत्र, तलावाचे पाणलोट, सुपीक शेतजमीन. ती ज्या नगरपालिकेच्या हद्दीत येते तिने काय करायचे? तिने ती राखली तर कर नाही. विकली तर कर आहे, पण पूर सगळ्यांच्या घरात शिरतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या मेडोलँड्स या विस्तीर्ण दलदलीच्या प्रदेशात चौदा नगरपालिकांसाठी एकच नियोजन आयोग नेमला गेला. कुठे इमारती, कुठे बंदराशी जोडलेली गोदामे आणि कुठे फक्त पाणथळ, हे आयोगाने ठरवायचे, आणि म्हणूनच विकासातून वाढलेल्या कराचा भाग सर्वांत वाटायचा, अशी व्यवस्था १९७० च्या दशकात सुरू झाली. जिच्या वाट्याला इमारती आल्या तिने जिच्या वाट्याला पाणथळ आली तिला द्यायचे. यात दानधर्म नाही, केलेल्या कामाचा मोबदला आहे. ही व्यवस्था सुमारे चार दशके चालली. भरणाऱ्या शहरांची कुरकूर वाढत गेली आणि २०१५ मध्ये ती बदलून हॉटेलांवरच्या प्रादेशिक कराकडे वळवण्यात आली. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण वाटणीचा करार एकदा करून कपाटात ठेवून चालत नाही. दर काही वर्षांनी आकडे उघड्यावर मांडून सूत्राची फेरतपासणी केली नाही तर देणाऱ्याला लुबाडले गेल्यासारखे वाटते आणि घेणाऱ्याला सवय लागते.

आता गुंतवणुकीविषयी. एकट्या लहान नगरपालिकेला कर्ज महाग पडते किंवा मिळतच नाही. तिची कागदपत्रे तपासायला सावकाराला जेवढा खर्च येतो, तेवढाच मोठ्या शहराची तपासायला येतो. लहान कर्जावर तो खर्च झेपत नाही. स्वीडनमध्ये १९८६ साली ओरेब्रू परगण्यातल्या नऊ नगरपालिका आणि तिथली परगणा परिषद यांनी मिळून कर्जउभारणीची स्वतःची सहकारी संस्था काढली. 'कोम्युनइन्व्हेस्ट' तिचे नाव. प्रत्येक सदस्य सगळ्यांच्या कर्जाला हमी राहतो, म्हणून बाजाराचा विश्वास बसतो आणि व्याज उतरते. पुढे ती देशभरातल्या नगरपालिकांना खुली झाली आणि आज स्वीडनमधल्या बहुसंख्य नगरपालिका तिच्या सदस्य आहेत. भारतातही याचे प्रयोग झालेले आहेत. तमिळनाडूत २००२ मध्ये डझनभराहून अधिक लहान नागरी संस्थांच्या पाणी व मलनिःसारण कामांसाठी सुमारे ३० कोटी रुपयांचे एकत्रित रोखे काढले गेले. कर्नाटकात २००५ मध्ये बंगळूरभोवतालच्या आठ नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यासाठी १०० कोटींचे. त्यातली कुठलीही संस्था एकटी बाजारात उभी राहिली असती तर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते.

पण लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या कर्जाला हमी राहायचे तर त्याचे हिशेब बघण्याचा हक्कही हवा. स्वीडनच्या संस्थेत सदस्यांची आर्थिक स्थिती सतत तपासली जाते. आपल्यातल्या किती नगरपालिका आपले लेखापरीक्षण शेजाऱ्यासमोर मोकळेपणाने ठेवायला तयार आहेत? ज्या नाहीत त्यांनी सामाईक कर्जाची भाषा आज करू नये. आधी दोन-तीन वर्षे नुसते हिशेब एकमेकांना दाखवावेत.

मालकी सामाईक असली की काय होते, ते मँचेस्टरच्या विमानतळात दिसते. १९८६ मध्ये ब्रिटिश सरकारने तिथली महानगर परगणा परिषदच बरखास्त केली. एका फटक्यात प्रदेशाचे वरचे छप्पर गेले. खालच्या दहा परिषदा वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकल्या असत्या. त्यांनी स्वेच्छेने संघ केला आणि विमानतळ दहा जणांच्या मालकीत ठेवला: मँचेस्टर शहराकडे ५५ टक्के, उरलेल्या नऊ परिषदांकडे प्रत्येकी ५ टक्के. धावपट्टी कोणाच्या हद्दीत आहे यावर लाभांश अवलंबून राहिला नाही, म्हणून विमानतळ वाढावा असे दहाही जणांना वाटू लागले. २०१३ मध्ये याच समूहाने बाहेरचा गुंतवणूकदार सोबत घेऊन लंडनजवळचा स्टॅनस्टेड विमानतळ दीड अब्ज पौंडांना विकत घेतला.

त्याच दहा परिषदांच्या आणखी एका अनुभवाकडे मी आपले लक्ष वेधते, कारण तो अपयशातून निघालेला आहे. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी वाहतुकीच्या गर्दीवर शुल्क लावून त्यातून सार्वजनिक वाहतूक वाढवण्याची योजना लोकांच्या मतदानाला टाकली. दहाही परिषदांमधल्या मतदारांनी ती मोठ्या बहुमताने फेटाळली. दुसरीकडे कुठे असे झाले असते तर एकमेकांवर खापर फोडून सगळे पांगले असते. इथे काही महिन्यांतच, २००९ मध्ये, दहा परिषदांनी स्वतःची वर्गणी, सरकारी अनुदान आणि कर्ज यांतून सुमारे दीड अब्ज पौंडांचा वाहतूक निधी उभारायचे ठरवले. मग नेहमीचा जीवघेणा प्रश्न आला: आधी कोणाची ट्राम? त्यांनी ठरवले की प्रत्येक प्रस्तावाचे मोजमाप एकाच पट्टीने करायचे, खर्च केलेल्या एका पौंडामागे संपूर्ण प्रदेशाच्या उत्पादनात किती भर पडते या पट्टीने. त्याला जोड म्हणून हेही बघायचे, की कोणताही भाग अगदी कोरडा राहू नये. क्रम त्यातून लागला. आपला मार्ग यादीत खाली गेलेला पाहूनही परिषदांनी तो मानला, कारण पट्टी आधी मान्य केलेली होती आणि मोजणी सर्वांसमोर झाली होती. याच कामातून आलेल्या विश्वासावर १ एप्रिल २०११ रोजी त्यांचे संयुक्त प्राधिकरण उभे राहिले.

आपल्याकडे प्रकल्पांचा क्रम कसा लागतो, हे आपल्याला मी सांगायला नको. ज्याचे वजन जास्त त्याचा पूल आधी. संयुक्त कामात ही पद्धत नेलीत तर पहिल्याच वर्षी ते मोडेल.

मोठ्या शहराच्या प्रतिनिधींना स्वतंत्रपणे एक सांगायचे आहे. लहान शेजाऱ्यांना आपली भीती वाटते, आणि ती निराधार नाही. लोकसंख्येप्रमाणे मते दिली तर आपण एकटेच सगळे ठराव मंजूर कराल. प्रत्येक नगरपालिकेला एक मत दिले तर आपल्या लाखो करदात्यांचे वजन एका छोट्या गावाइतके होईल. दोन्ही अन्याय टाळता येतात: ठराव मंजूर व्हायला सदस्य संस्थांच्या दोन तृतीयांश संख्येची आणि लोकसंख्येच्या बहुमताचीही अट घाला. जर्मनीत रूरच्या खोऱ्यातली एम्शर नदी कोळशाच्या उद्योगाने उघडे गटार झाली, तेव्हा १८९९ मध्ये नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी मिळून जो संघ स्थापला, त्यात वर्गणी बोजाप्रमाणे आणि प्रतिनिधित्व वर्गणीप्रमाणे अशी रीत आहे. तो संघ दोन महायुद्धे, चलनबदल आणि खाणी बंद होणे या सगळ्यांतून टिकला. १९९० च्या दशकात त्याने नदी पुन्हा जिवंत करायचे काम हाती घेतले आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्चून २०२१ च्या अखेरीस नदीतले सांडपाणी पूर्ण बंद केले. तीस वर्षांचे काम कुठल्याही एका नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत मावत नाही. ते पेलायला मधली सामाईक संस्था लागते, जिचे नियम माणसे बदलली तरी बदलत नाहीत.

माणसे बदलल्यावर काय होते ते ब्राझीलमध्ये पाहायला मिळते. साओ पावलोजवळच्या सात औद्योगिक शहरांनी १९९० मध्ये संघ केला. मोटारींचे कारखाने आकसत असताना कामगार संघटना, उद्योजक आणि महापौर यांना एका टेबलावर आणण्याचे मोठे काम त्याने केले. पण पुढे निवडणुकांनंतर आलेल्या काही महापौरांनी वर्गणी नको म्हणून आपले शहर मधल्या काळात बाहेर काढले. म्हणून करारात बाहेर पडण्याची मुभा ठेवाच, पण तिला पुरेशा वर्षांची पूर्वसूचना आणि घेतलेल्या कर्जातला वाटा फेडण्याची अट जोडा. सहज तुटणाऱ्या करारावर कोणी कारखानदार वीस वर्षांची गुंतवणूक करत नाही, आणि कोणी बँक कर्जही देत नाही.

कोणी म्हणेल, या सगळ्या खटाटोपापेक्षा नगरपालिकाच एकत्र करून टाका. मी याच्या विरोधात आहे. गटार तुंबले तर नागरिकाला ज्याचा दरवाजा ठोठावता येतो तो नगरसेवक जवळ असला पाहिजे. मोठ्या संस्थेत तो दुरावतो. कोणी म्हणेल, वरून एखादे विकास प्राधिकरण नेमा. तेही मला पटत नाही, कारण नेमलेल्या अधिकाऱ्याला मतदार विचारू शकत नाही. हाच आक्षेप संयुक्त संस्थेवरही येऊ शकतो, आणि तो खरा आहे. फ्रान्समध्ये वर्षानुवर्षे लोकांना समुदायाच्या परिषदेवर कोण बसते हेच कळत नसे. २०१४ च्या निवडणुकीपासून एक हजाराहून अधिक वस्तीच्या नगरपालिकांत मतपत्रिकेवरच समुदायाचे उमेदवार दाखवायला लागले. भारताच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीचे दोन तृतीयांश आणि जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींमधूनच घ्यायला सांगितले आहे, ते याच कारणाने. आणि स्थानिक संस्थांच्या समान हिताच्या बाबींत पाण्याची वाटणी आणि पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास यांचा उल्लेख तिथे स्पष्टपणे केलेला आहे. चौकट आहे. तिच्यात जीव ओतायचा आहे.

तर मग माझी विनंती अशी. पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी आपल्या लेखा विभागाला मागच्या पाच वर्षांत उद्योगांना दिलेल्या सर्व करसवलतींची यादी करायला सांगा आणि ती शेजारच्या नगरपालिकेच्या यादीशेजारी ठेवून प्रसिद्ध करा. एकाच कंपनीचे नाव दोन्ही याद्यांत आले तर ते नागरिकांनाही दिसू द्या. त्याबरोबर कामासाठी रोज कोणत्या शहरातून कोणत्या शहरात किती माणसे जातात, याची मोजणी दोघांनी मिळून करा; वाटणीच्या सूत्राला पाया तोच आकडा देईल. तोवर पळवापळवी न करण्याची आचारसंहिता सही करून टाका, तिला थांबण्याचे कारण नाही.

मग वाटणीच्या कराराचा मसुदा दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी मांडा. त्यात आधारवर्ष असावे, त्या वर्षापर्यंतचे उत्पन्न ज्याचे त्याला राहील असे वचन असावे, पुढच्या वाढीची टक्केवारी, वाटपाचे सूत्र, मतदानाचा नियम, दर पाच वर्षांनी फेरतपासणी आणि बाहेर पडण्याच्या अटी असाव्यात. मोकळी राखायची जमीन कोणती, हे त्याच करारात नकाशासह लिहा आणि ती राखणाऱ्याचा हिस्सा वाढवा. जिथे राज्याच्या कायद्यात बदल लागेल तिथे दोन्ही सभागृहांनी मिळून एकच मागणी राज्य सरकारकडे पाठवावी. एका नगरपालिकेचे पत्र फायलीत बसते. पाच नगरपालिकांचे एकाच भाषेतले ठराव आले, तर उत्तर द्यावे लागते.

सुरुवात सगळ्या करांपासून करायची गरज नाही. दोघांच्या हद्दीवरची एखादी जागा घ्या, तिथे दोघांच्या मालकीची एकच वसाहत आखा, रस्ता आणि पाणी मिळून द्या, आणि तिथल्या कराचे भाग आधीच ठरवा. जर्मनीत शेजारी नगरपालिका अशा सामाईक औद्योगिक वसाहती उद्दिष्ट-संघाच्या, म्हणजे एका ठरावीक कामासाठी मिळून केलेल्या संघाच्या, माध्यमातून चालवतात. भूखंड कोणत्या हद्दीत पडला याची तिथे उद्योजकाला फिकीर करावी लागत नाही, आणि नगरपालिकांनाही नाही.

मसुदा लिहायला, सवलतींचे आकडे तपासायला, रोजच्या प्रवाशांची मोजणी करायला नागरिकांची, प्राध्यापकांची, निवृत्त लेखापालांची मदत लागेल. ती विनामूल्य करायला तयार असलेली माणसे प्रत्येक शहरात आहेत. त्यांना जाहीर बैठकीला बोलवा. या पत्राचे उत्तरही आपण सभागृहातच द्यावे, विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन, दोन्ही शहरांच्या सभांची तारीख एकच ठेवून, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक करदाती नागरिक